पॅड, डायपर, वाइप्स वापरून झाल्यावर: खानदेशातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गेल्या दहा-पंधरा वर्षांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत विकतचं पॅड गावोगावी पोचलं, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. २०१८ च्या महिला दिनी सुरू झालेल्या अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागले. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला. २०१९ च्या ऑगस्टपासून जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळू लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते २४ वयोगटातल्या सुमारे ६४ टक्के मुली सॅनिटरी नॅपकिन वापरतात असं दिसलं. पॅड कसं वापरायचं हे आशाताईंनी, शाळेतल्या बाईंनी, टीव्हीवरच्या जाहिरातींनी शिकवलं. वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं, हे मात्र प्रत्येक घरानं आपापल्या परीनं ठरवलं.

मग शहरात ते काळ्या पिशवीत बांधून भाजीच्या देठांसोबत घंटागाडीत जातं. गावात उकिरड्यावर, नाल्यात, बांधावरच्या काटेरी कुंपणात, संडासात, नाहीतर पहाटे अंघोळीच्या बंबात. लहान बाळाचं डायपर तर गल्लीच्या कोपऱ्यावर उघडंच पडलेलं दिसतं. "कसाले इतका इचार करस माय, गुंडाळ नि फेकी दे," हे वाक्य आमच्याकडे किती घरांत ऐकायला मिळतं! पण फेकलेलं काही नाहीसं होत नाही. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, गोमाई या सगळ्या शेवटी तापीलाच मिळतात. उन्हाळ्यात कोरड्या नाल्यात टाकलेलं डायपर पहिल्या पुरात निघतं, पाणी अडवलेल्या जागी तरंगत साठतं, आणि उरलेलं उकाई धरणामार्गे सुरतेकडे, खंबातच्या आखाताकडे जातं. जे नदीत जात नाही ते कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागतं.

उपाय फार मोठा नाही. ओला कचरा आणि सुका कचरा यांखेरीज घरात एक तिसरी पुडी वेगळी बांधायची, वेगळी ठेवायची आणि वेगळी हातात द्यायची. ते कसं करायचं, गाडी येत नसेल तिथं काय करायचं आणि मुळात हा कचरा कमी कसा करायचा, ते पुढं सांगते.

आधी हातात काय आहे ते बघा

एक नवं, न वापरलेलं पॅड घ्या आणि कात्रीनं मधोमध कापा. घरातल्या मुलींनाही सोबत बसवा. वरची मऊ, बारीक भोकांची चादर पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिथिनची असते. आतला पांढरा भाग आपल्याला कापूस वाटतो, पण बहुतेक पॅडमध्ये तो लाकडाचा लगदा असतो. कापसाच्या मुलखात राहून आपण लाकडाचा लगदा वापरतोय, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. त्या लगद्यात बारीक पांढरे दाणे दिसतील. ते सोडियम पॉलिअक्रिलेट. चिमूटभर दाणे बशीत घेऊन वर चमचाभर पाणी घाला. बघता बघता दाणे फुगतात, पारदर्शक गर तयार होतो आणि बशी वाकडी केली तरी पाणी सांडत नाही. सगळ्यात खाली पॉलिथिनचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर चिकट गोंद आणि सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद.

म्हणजे लगदा सोडला तर जवळजवळ सगळं प्लास्टिक. डायपरमध्येही हेच, फक्त दाणे कितीतरी जास्त. ओले वाइप्स हातात कागदासारखे वाटतात, पण त्यातल्या पुष्कळांत पॉलिस्टरचे धागे असतात. ही बशी एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

या चार सवयी आधी सोडा

*जाळणं.* ही सवय खानदेशात सगळ्यात घट्ट आहे, आणि तिच्यामागं नुसता कचरा नाही, भीतीही आहे. वापरलेलं कापड किंवा पॅड कुणाच्या नजरेस पडू नये, कुणी करणी करेल, साप त्यावरून गेला तर मूल होत नाही, असं आजी-पणजीपासून सांगत आलेत. भीती दाखवणाऱ्या आजीशी वाद घालत बसू नका. पुडी नीट बांधली तर ती कुणाच्या नजरेस पडत नाही, एवढं तिला दाखवा. सापाचा आणि मूल होण्या-न होण्याचा काहीही संबंध नाही, हे मुलींना मात्र स्पष्ट सांगा.

आता बंबात काय होतं ते बघू. ओलं पॅड पेटत नाही, धुमसतं. त्यातल्या गरात पाणी अडकलेलं असतं, म्हणून आच खाली येते. प्लास्टिक वितळतं, अर्धवट जळतं, काळा उग्र धूर निघतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बारीक काजळी असते, आणि क्लोरीन असलेलं काही सोबत जळत असेल तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. दवाखान्यातला कचरा जाळण्याच्या भट्टीसाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी काय अट घातली आहे पाहा: पहिल्या कक्षात किमान ८०० अंश सेल्सिअस, दुसऱ्या कक्षात सुमारे १,०५० अंश, आणि वायू तिथं निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. बंबात, चुलीत किंवा अंगणातल्या शेकोटीत यातलं काहीच होत नाही. शिवाय तो धूर पहिल्यांदा जाळणाऱ्या बाईच्याच छातीत जातो.

*संडासात टाकणं.* स्वच्छ भारत मिशनमधून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दोन शोषखड्ड्यांची शौचालयं झाली. या खड्ड्याच्या भिंती मुद्दाम भोकं ठेवून जाळीदार बांधलेल्या असतात, म्हणजे पाणी मातीत मुरतं आणि मैला आत कुजतो. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्यात सोनखत तयार होतं. पॅड किंवा वाइप्स त्यात गेले की फुगतात, पाइपात अडकतात, भिंतीची भोकं बुजवतात. पाणी मुरायचं थांबतं आणि खड्डा वेळेआधी भरतो. सोनखत काढायला जावं तर हाताला प्लास्टिकच्या चिंध्या लागतात. शहरात सेप्टिक टँक असेल तर तो तुंबतो, आणि तो मोकळा करायला कुणीतरी माणूसच येतो.

*धुऊन टाकणं.* पॅड टाकण्याआधी ते धुवावं, असं पुष्कळ घरांत मुलींना शिकवतात. कापडाच्या घडीला हे बरोबर होतं, कारण ती परत वापरायची असायची. विकतच्या पॅडला पाणी लागलं की आतले दाणे आणखी फुगतात, पॅड जड होतं, फाटतं, गर मोरीत जातो आणि मोरी तुंबते. टंचाईच्या दिवसांत पाणीही फुकट जातं. विकतचं पॅड धुऊ नका.

*उकिरड्यावर टाकणं किंवा वरवर पुरणं.* उकिरड्यातलं खत शेवटी शेतात जातं, आणि पॅडमधलं प्लास्टिकही त्यासोबत शेतात जातं. तिथं ते कुजत नाही, उन्हानं कडक होऊन त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे पडतात. त्याआधीच कुत्री पुडी फाडतात आणि गुरं प्लास्टिक गिळतात. पुरायचं म्हणाल तर आपली काळी माती विसरू नका. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. दीड-दोन फुटांवर पुरलेलं काहीही नांगरटीत, कुत्र्याच्या नखांनी किंवा भेगांतून वर येतं.

पायरी १: न्हाणीघरात दोन वस्तू ठेवा

जुनं वर्तमानपत्र चौकोनी कापून एका पिशवीत टांगून ठेवा. वर्तमानपत्राचं एक पान मधोमध फाडलं की दोन पुड्यांचा कागद होतो. दुसरी वस्तू म्हणजे घट्ट झाकणाचा छोटा डबा. रंगाचा रिकामा डबा, जुनी बादली, काहीही चालेल, फक्त झाकण हवं. तळाशी दोन घड्या कागद घाला. हा डबा मोरीच्या कोपऱ्यात, मुलींचा हात सहज पोचेल असा ठेवा. माळ्यावर किंवा कपाटामागं लपवलेला डबा कुणी वापरत नाही.

घरातल्या पुरुषांना हा डबा कशाचा आहे हे माहीत असू द्या. गाडी आली की तो बाहेर न्यायचं काम त्यांनीही करायचं आहे.

पायरी २: पुडी बांधा

पॅड काढलं की वापरलेली बाजू आत घेऊन एका टोकाकडून घट्ट गुंडाळा आणि मागच्या चिकट पट्टीनंच ते बंद करा. नवं पॅड काढून घेतलं असेल तर त्याच्या वेष्टनात जुनं जातं. पुष्कळ कंपन्या पाकिटात यासाठी वेगळी छोटी पिशवी देतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अशी पिशवी किंवा वेष्टन पाकिटासोबत देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. तुमच्या पाकिटात ती नसेल तर दुकानदाराला विचारा, पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा.

मग कागद तिरका ठेवा, एका कोपऱ्यावर गुंडाळी ठेवा, कोपरा तिच्यावर घ्या, दोन्ही बाजूंचे कोपरे आत दुमडा आणि पुढं लोटत न्या. शेवटचं टोक घडीत खोचलं की किराणा दुकानदाराच्या पुडीसारखी ती घट्ट बसते, दोरा किंवा चिकटपट्टी लागत नाही. प्लास्टिकच्या काळ्या पिशवीचं कामच नाही. तिनं आणखी एक प्लास्टिक वाढतं आणि आत काय आहे ते कळत नाही, म्हणून निवडणारीला पिशवी उघडावीच लागते.

पायरी ३: लाल खूण करा

पुडीवर लाल स्केचपेननं मोठा ठिपका काढा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेनं २०१७ मध्ये लाल ठिपक्याची ही मोहीम चालवली. मागणी अगदी साधी होती: आम्हाला पुडी उघडून बघावी लागू नये. वापरलेल्या पॅडवर, डायपरवर रोगजंतू असतात, बोटाला साधी चीर असली तरी संसर्गाचा धोका असतो. हातमोजे दिले तरी बारीक वस्तू निवडताना ते काढून ठेवले जातात. ठिपका दिसला की हात तिथंच थांबतो. मला या सगळ्या पायऱ्यांत हीच सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिला खर्च एका स्केचपेनचा.

पायरी ४: साठवण

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसांत पुड्या दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. डबा उन्हात ठेवू नका. वास येत असेल तर तळाच्या कागदावर मूठभर कोरडी चुलीची राख टाका. डबा रिकामा केला की साबणानं धुऊन उन्हात वाळवा.

पायरी ५: हातात द्या, सांगून द्या

२०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे गुंडाळलेला सॅनिटरी कचरा सुक्या कचऱ्याच्या बाजूनं द्यायचा होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या घनकचरा नियमांत घरातच चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (सुया, पाती यांसारखा) कचरा. म्हणजे आपली तिसरी पुडी आता कायद्यानंही वेगळी आहे. घंटागाडीला वेगळा कप्पा असेल तर त्यात टाका. नसेल तर पुड्या एकत्र एका कागदी पिशवीत घालून, "दादा, हे पॅड आहेत, वेगळे ठेवा," असं बोलून द्या. लाजायचं कारण नाही. समोरचा माणूस हे रोज हाताळतो, त्याला सांगितलेलं बरंच वाटतं. गाडीवाला सगळं एकत्रच टाकत असला तरी तुमची पुडी बांधलेली आणि खूण केलेली असू द्या. पुढं निवडताना तिचा उपयोग होतोच.

ओल्या कचऱ्यात ती कधीही टाकू नका. एक डायपर फाटलं तरी खताच्या ढिगात तो गर मिसळतो, आणि मग ते खत कुणी शेतकरी घेत नाही.

डायपरसाठी थोडं जास्त

पॅडपेक्षा डायपरचा भार कितीतरी मोठा आहे. बाळाला दिवसाला चार डायपर लागले आणि एक ओलं डायपर १५० ग्रॅमचं धरलं तर रोज ६०० ग्रॅम होतात, म्हणजे वर्षाला २१९ किलो. एका बाळाचे!

डायपरमधली शी आधी संडासात झटकून टाका. जवळपास कुणीच हे करत नाही, आणि नुकसान इथंच होतं, कारण शी-सकट फेकलेलं डायपर म्हणजे उघड्यावर केलेला संडासच. बाळाच्या शीला वास नसतो, तिनं काही होत नाही, असं म्हणतात. पण जुलाबाचे जंतू बाळाच्या शीतही असतात. झटकल्यावर घाण बाजू आत घेऊन पुढून मागं घट्ट गुंडाळा, कमरेच्या चिकट पट्ट्या दोन्हीकडून ओढून बंद करा, पूर्ण पानाच्या वर्तमानपत्रात बांधा, लाल ठिपका काढा, हात साबणानं धुवा.

घरात अंथरुणाला खिळलेलं वडीलधारं माणूस असेल तर मोठ्यांचे डायपर रोज निघतात. त्यांच्यासाठी वेगळी झाकणाची बादली ठेवा आणि गाडी रोज चुकवू नका. खालच्या अंथरायच्या पॅडांनाही हीच रीत. डायपरमध्ये सुई, ब्लेड, औषधाची बाटली कधीही लपेटू नका. इन्सुलिनच्या सुया आणि दाढीची पाती जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, झाकण चिकटवून, वर लिहून वेगळी द्यायची असतात. ती विशेष काळजीच्या कचऱ्यात येतात.

बाकीच्या लहानसहान वस्तूंबद्दल थोडक्यात. निरोध गाठ मारून कागदात बांधा, पॅडच्या पुड्यांसोबत द्या. वाइप्सही तिथंच, कमोडमध्ये नाही. प्लास्टिकच्या काडीचे इअरबड (कान साफ करायचे कापसाचे बोळे) १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, दुकानात दिसले तर घेऊ नका, कागदी किंवा बांबूच्या काडीचे मिळतात. शाम्पूच्या पुड्या अनेक थर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या असतात, भंगारवाला त्या घेत नाही. नदीवर कपडे-अंघोळीला गेलात तर कोपरा फाडून तिथंच टाकू नका. कोपरा पूर्ण तोडू नका, नुसती चीर द्या, रिकामी पुडी खिशात घालून घरी सुक्या कचऱ्यात टाका. तापीकाठच्या प्रकाशा, सारंगखेडा या गावी यात्रेच्या दिवसांत हे प्रत्येकानं केलं तर काठ ओळखू येणार नाही इतका स्वच्छ राहील. महिनाभर पुरेल अशी बाटली घेणं त्याहून बरं.

शेतात, एसटीत, रेल्वेत

कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतात असतात. बदलायला आडोसा नसतो, टाकायला जागा नसते, म्हणून पॅड बांधावर किंवा पाटचारीत जातं. जेवणाच्या पिशवीत एक छोटा झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा घट्ट बंद होणारी झिपची पिशवी ठेवा, आत चार कागद. बदललं की पुडी त्यात, घरी आल्यावर घरच्या डब्यात. मजूर लावणाऱ्या शेतकरी भावांना एक विनंती: चार बांबू आणि जुन्या साड्यांचा आडोसा, आत पाण्याची कळशी आणि एक झाकणाचा डबा, एवढं करायला अर्धा तास लागतो.

एसटी स्टँडच्या संडासात डबा नसतो, म्हणून तीच पिशवी जवळ असू द्या. रेल्वेत मात्र एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांच्या डब्यांत आता जैवशौचालयं आहेत. त्यांच्या खालच्या टाकीत जिवाणू मैला कुजवतात. पॅड, डायपर किंवा वाइप्स टाकलं की झडप अडकते, पाणी वर येतं आणि सगळ्या डब्याची पंचाईत होते. पुडी कचरापेटीतच टाका.

जिथं घंटागाडी येतच नाही

अक्कलकुवा-धडगावकडचे पाडे, सातपुड्याच्या पायथ्याची वस्ती, चाळीसगाव-साक्रीकडची लांबची गावं. इथं वरच्या पाचही पायऱ्या केल्या तरी पुडी द्यायची कुणाला? इथं एकट्या घरानं खड्डा करण्यापेक्षा गावानं मिळून एक नीट खड्डा करणं बरं. दवाखान्याच्या कचऱ्याच्या खोल खड्ड्यासाठी जी मापं नियमात दिली आहेत ती नजरेसमोर ठेवा. खड्डा सुमारे दोन मीटर खोल. त्याच्या तळाखाली भूजल निदान सहा मीटर खोल असावं, म्हणून विहिरीजवळ, बोअरजवळ, नाल्याकाठी, पूररेषेत तो नको. प्रत्येक वेळी कचरा टाकला की वर दहा सेंटीमीटर मातीचा थर. खड्डा निम्मा भरला की टाकणं बंद करायचं, वरून पन्नास सेंटीमीटर उरेपर्यंत चुना घालायचा, आणि उरलेला भाग मातीनं बुजवायचा. तोंडावर जाळीचं किंवा पत्र्याचं झाकण, भोवती कुंपण, म्हणजे कुत्री-गुरं जाणार नाहीत. काळ्या जमिनीत कडा ढासळतात, तेव्हा शक्यतो मुरमाड जागा निवडा, नाहीतर विटांचा कठडा बांधा.

आणि हेही समजून घ्या की अशा खड्ड्यात प्लास्टिकचं पॅड कुजत नाही, फक्त साठून राहतं. म्हणून गाडी नसलेल्या गावात कचरा कमी करणं हाच खरा उपाय आहे.

शाळा, आश्रमशाळा, वसतिगृह

पुष्कळ शाळांत पॅड जाळायचं छोटं विजेचं यंत्र भिंतीवर लावलेलं असतं. ते असेल तर चार गोष्टी बघा. धुराची नळी छताच्या वर गेलेली आहे का, की खिडकीशेजारीच संपते? एका वेळी किती पॅड घालायचे ते यंत्रावर लिहिलंय का आणि तेवढेच घालतात का? प्लास्टिकच्या पिशवीसकट किंवा डायपर घालत नाहीत ना? आणि राख पूर्ण झालेली असते की काळे, अर्धवट जळालेले तुकडे निघतात? तुकडे निघत असतील तर यंत्र पुरेसं तापत नाही, ते वापरणं थांबवा आणि दुरुस्ती मागा. राख झाडांच्या आळ्यात टाकू नका.

यंत्र नसलं तरी बिघडत नाही. प्रत्येक मुलींच्या संडासात झाकणाचा डबा, भिंतीला कागदाची पिशवी, पुडी बांधायची रीत दाखवणारं चित्र आणि डबा रोज रिकामा करायची ठरलेली व्यक्ती एवढं पुरतं. ही जबाबदारी मुलींवर आळीपाळीनं टाकू नका. हातमोजे दिलेल्या कर्मचाऱ्यानं ते करायचं.

आता कचराच कमी कसा करायचा

एका पाळीला दहा पॅड धरले आणि वर्षाला तेरा पाळ्या, तर एका बाईचे वर्षाला १३० पॅड होतात. पस्तीस वर्षांत साडेचार हजार.

*कापडी पॅड.* सुती, धुऊन वापरायचे शिवलेले पॅड बाजारात मिळतात, बचत गटही शिवतात. धुऊन वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १७५१४. घरी शिवायचं तर शुद्ध सुती कापड घ्या, पॉलिस्टर मिसळलेलं नको. वापरल्यावर गार पाण्यात अर्धा तास भिजवा, गरम पाण्यानं डाग बसतो. साबणानं धुऊन भर उन्हात वाळवा. खानदेशात उन्हाची कमतरता नाही, फक्त ते कापड साडीखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात लपवून वाळवायची रीत सोडावी लागेल. ओलसर राहिलेल्या कापडानं खाज येते, संसर्ग होतो, आणि मग दोष कापडाला दिला जातो. फाटल्यावर शुद्ध सुती कापड खताच्या खड्ड्यात कुजतं. पाण्याची फार टंचाई असेल तिथं हा मार्ग अवघड आहे, हेही खरं.

*कप.* वैद्यकीय सिलिकॉनचा छोटा पेला, योनीमार्गात बसवायचा. रक्त शोषत नाही, साठवतो. बारा तासांच्या आत काढून ओतायचा, धुऊन परत बसवायचा. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर पाच मिनिटं उकळायचा. त्याला वेगळं भांडं ठेवा. नीट सांभाळला तर बरीच वर्षं टिकतो, काही शे रुपयांत येतो, आणि पाणी सगळ्यात कमी लागतं. बसवायची सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना ती सरकू शकते. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी गावात बायकांना कप वाटून, शिकवून, जानेवारी २०२२ मध्ये ते गाव नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं. आपल्या एखाद्या गावाला हे का जमू नये?

*कुजणारे पॅड.* केळीच्या खोडाच्या धाग्यापासून पॅड बनतात. ज्या रावेर-यावलमध्ये घड कापला की खोड बांधावर सडत पडतं, तिथं या गोष्टीकडे बचत गटांनी गंभीरपणे बघायला हवं. पण पाकिटावरचा शब्द नीट वाचा. 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' लिहिलेलं असेल तर ते प्लास्टिकच आहे. त्यात घातलेल्या द्रव्यानं त्याचे तुकडे लवकर पडतात. 'कम्पोस्टेबल' असेल आणि सोबत आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक असेल, तर त्या दाव्याला काही आधार आहे.

*बाळासाठी* दिवसा सुती लंगोट आणि दुपटी, रात्री आणि प्रवासात डायपर, एवढं केलं तरी चारचं एकावर येतं. वाइप्सऐवजी ओला सुती फडका.

ग्रामपंचायतीत विषय कसा मांडायचा

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. हा विषय तिथंच आणा, कारण पुरुषांनी भरलेल्या सभेत पहिल्यांदा बोलणं जड जातं. बचत गटाच्या बैठकीत आधी बोलून घ्या, दहा-बारा जणींच्या सह्या घ्या. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) कामांत पाळीच्या कचऱ्याचं व्यवस्थापनही धरलेलं आहे, त्यामुळं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) "हे आमचं काम नाही" असं म्हणायला जागा नाही. अर्ज साधा असू द्या:

"मा. सरपंच यांस. आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला विनंती करतो की, गावात सॅनिटरी कचरा आठवड्यातून किमान तीनदा स्वतंत्रपणे गोळा करावा; गोळा करणाऱ्या कामगारास हातमोजे, बूट आणि धनुर्वात व कावीळ-ब ची लस द्यावी; शाळा, अंगणवाडी व सार्वजनिक शौचालयात झाकणाचे डबे ठेवावेत; आणि गोळा झालेला कचरा तालुक्याच्या ठिकाणी कुठे व कसा पोचवला जातो याची माहिती दर ग्रामसभेत द्यावी. हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि ती बचत गटाच्या फायलीत लावून ठेवा.